सभागृहाची शांतता परत मिळाली : ध्वनिरोधक कामाचा आमचा अनुभव

परळच्या आमच्या सभागृहाचं ध्वनिरोधक काम मे महिन्यात पूर्ण झालं. त्यानंतर अख्खा पावसाळा गेला, गणपती गेले, नवरात्र झालं, आमचे तीन कार्यक्रम झाले. हे सगळं पाहून झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून आज लिहितो. काम करणारी मुख्य माणसं दोनच. मोजणी आणि आराखडा करणाऱ्या ध्वनितज्ज्ञ मॅडम, आणि त्यांच्याबरोबर काम करणारे सुतार-मिस्त्री. त्यांना विचारल्याशिवाय नावं टाकत नाही. ज्यांना खरोखर गरज असेल त्यांनी सभागृहाच्या कार्यालयात येऊन विचारावं, मी स्वतः नंबर देईन.

आमचं सभागृह १४० खुर्च्यांचं, जुनं, जाड भिंतींचं, सागवानी खिडक्यांचं. दर रविवारी सकाळी तिथे आमच्या वाद्यवृंदाची तालीम असते. २२ जण, सगळी तंतुवाद्यं. मी व्हायोला वाजवतो, म्हणजे व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, खालच्या स्वरांचं वाद्य. आयुष्यभर नोकरी केली लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये, डब्यांच्या बोगींवर, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांवर. व्हायोलिन शिकलो धोबीतलावच्या एका गोवेकर सरांकडे, व्हायोलावर नंतर आलो. आमच्या भागात ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोकांना स्टेज शो, गायक, कीबोर्ड आणि मोठे स्पीकर आठवतात. आमच्याकडे माइक नाही, स्पीकर नाही. जो आवाज लाकडातून निघतो तोच शेवटच्या रांगेपर्यंत जायला हवा.

माइकशिवाय ऐकणं म्हणजे काय हे मला नरिमन पॉइंटला एनसीपीएच्या (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) टाटा थिएटरमध्ये कळलं. ते १९८० साली सुरू झालं. इमारत फिलिप जॉन्सन यांची आणि ध्वनीची बाजू सिरिल हॅरिस यांनी सांभाळलेली. तिथे वादकाने तारेवरून बोट उचललं तरी मागे बसून ऐकू येतं. पुढे २००६ मध्ये एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली, त्यांचे कार्यक्रमही मी जमतील तेवढे ऐकले. अशा हॉलमध्ये सगळ्यात आधी ऐकू येते ती शांतता, आणि वादक त्या शांततेवर पहिला स्वर ठेवतो. आमच्या १४० खुर्च्यांच्या खोलीतही, आमच्या परीने, ती शांतता होती. रविवारी सकाळी रस्त्यावर वर्दळ कमी, खिडक्या लावल्या की तंबोरा जुळवायला सुद्धा लोक आमच्याकडे यायचे.

मग मागच्या मैदानावर स्टेडियमचं काम सुरू झालं.

स्टेडियमला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. आमच्या भागातली पोरं तिथे खेळणार आहेत, माझा नातूही खेळेल. पण पाया खोदायला घेतला तेव्हा काय झालं ते सांगायला हवं. वर थोडा भराव आणि खाली काळा पाषाण, त्यामुळे ब्रेकर लागला. हायड्रॉलिक ब्रेकर खडकावर सेकंदाला कितीतरी ठोके मारतो. ते वेगवेगळे ऐकू येत नाहीत, सलग थरथर ऐकू येते. ती कानांनी नंतर कळते, आधी पायांना कळते. आमच्या चेलोवाल्या ताई म्हणाल्या, "माझ्या चेलोची खालची खुंटी जमिनीत रोवलेली असते ना, तिथूनच वाद्यात काहीतरी शिरतंय." त्यानंतर आलं पायलिंगचं, म्हणजे पायाच्या खांबांसाठी खोल भोकं पाडणारं यंत्र. ते माती भरलेली बकेट वर काढतं आणि माती सुटावी म्हणून उलटसुलट झटकतं. लोखंडावर लोखंड आपटल्याचा तो खणखणाट, दर काही मिनिटांनी. आणि दिवसभर डंपर मागे घेताना वाजणारे रिव्हर्स हॉर्न.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही एक संथ रचना बसवत होतो. सगळ्यांनी आवाज दबावा म्हणून तारांवर म्यूट लावलेले, शेवटची ओळ जवळजवळ श्वासाएवढ्या आवाजात. मी माझा शेवटचा स्वर वाजवत होतो आणि मला तो ऐकू येत नव्हता. गज फिरतोय हे हाताला कळत होतं, एवढंच. संचालक सरांनी हात खाली घेतले आणि म्हणाले, आज घरी जाऊ या. इतक्या वर्षांत मुंबईचा पाऊस, बंद, लोकलचा खोळंबा, कशासाठीही तालीम अर्ध्यावर सोडली नव्हती.

आधी आम्ही चुकीच्या ठिकाणी गेलो. एका दुकानदाराने येऊन भिंती पाहिल्या आणि सांगितलं, सगळीकडे पिरॅमिड फोम चिकटवू, आवाज बंद. भाव परवडणारा होता. होकार द्यायच्या बेतात होतो, तेवढ्यात एका रेकॉर्डिस्ट मित्राने या मॅडमचा नंबर दिला. फोनवर त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "काका, फोम लावू नका. तो आतला घुमारा कमी करतो, बाहेरचा आवाज अडवत नाही. शिवाय साधा फोम पेटला तर धूर विषारी असतो, आणि तुमच्या हॉलमध्ये १४० माणसं बसतात." हा एक फोन आम्हाला फुकट मिळाला. बाकी काही केलं नसतं तरी त्यासाठी मी त्यांचा ऋणी राहिलो असतो.

आवाज अडवायला वजन लागतं, हे त्यांनी नंतर समजावलं. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर साधारण पाच-सहा डेसिबलचा फरक पडतो, त्याहून फार नाही. म्हणून नुसती जाडी वाढवत बसण्यापेक्षा दोन वेगळे थर, मधे हवेची पोकळी आणि कुठेही फट नाही, असं करायचं असतं. यात फट सगळ्यात महत्त्वाची. कितीही भारी काच लावा, चौकटीच्या कडेला बोटभर जागा राहिली तर ती काच वाया गेली.

मोजणीला त्या दोन वेळा आल्या. एकदा रविवारी सकाळी काम चालू असताना, एकदा रात्री काम बंद असताना. दोन्ही वेळा पंखे, एसी, ट्यूबलाइट, कार्यालयातला फ्रिज, सगळं बंद करायला लावलं. हॉलच्या मधोमध तिकाटण्यावर मीटर, एक माणूस बाहेर फाटकाशी, आणि भिंतीला चिकटवलेला कंपन मोजणारा छोटा सेन्सर. काम बंद असताना आत ३३ डेसिबल आले. ब्रेकर चालू असताना ५१. पण त्या म्हणाल्या, या एका आकड्यावर जाऊ नका, कारण डेसिबलचं नेहमीचं माप खालच्या आवाजाला कमी लेखतं आणि तुमचा त्रास नेमका खालच्या आवाजाचा आहे. मग लॅपटॉपवर पट्टे दाखवले. डावीकडचे, खर्जाचे पट्टे डोंगरासारखे वर आलेले. पायाला जे कळत होतं ते प्रथमच डोळ्यांना दिसलं.

कायद्याचीही बाजू त्यांनी सांगितली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५, शांतता क्षेत्रात ५० अशी मर्यादा आहे. शांतता क्षेत्र म्हणजे रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवतीचे किमान १०० मीटर, तेही सरकारने तसं जाहीर केलं असेल तर. सभागृह त्यात नाही. आणि मोठ्या वाद्यवृंदांच्या हॉलमध्ये रिकाम्या खोलीचा आवाज २५ ते ३० डेसिबलच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. म्हणजे बाहेरच्या कामाने सगळे नियम पाळले तरी आमची मैफल बुडू शकते. तक्रारीचे अर्ज लिहिण्यात मी जे दोन महिने घालवले होते ते चुकीच्या दारावर थापा मारण्यात गेले, हे तेव्हा उमगलं.

मी रेल्वेचा माणूस. कंपन म्हटलं की मला स्प्रिंग आठवते. मी त्यांना म्हटलं, "मॅडम, रंगमंच स्प्रिंगांवर ठेवू. मी स्वतः उभा राहून बसवून घेतो." त्यांनी मला उडवून लावलं नाही. कागद काढला, डब्याचं चित्र काढलं आणि म्हणाल्या, "काका, बोगीवर स्प्रिंग असते तेव्हा अख्खा डबा तिच्यावर असतो. तुम्ही मला डबा रुळावर ठेवून फक्त बाकडी स्प्रिंगवर ठेवायला सांगताय. भिंती आणि छत थरथरतच राहणार आणि तेच आवाज सोडणार." मग मँचेस्टरच्या ब्रिजवॉटर हॉलबद्दल सांगितलं. १९९६ साली उघडलेला तो हॉल पायापासूनच जवळजवळ २८० स्प्रिंगांवर उभा केला आहे, त्यामुळे बाहेरच्या ट्राम आणि रस्त्याची थरथर आत पोहोचत नाही. पण ते बांधतानाच करायचं काम. उभ्या इमारतीखाली स्प्रिंगा घालणं आमच्या संस्थेच्या ऐपतीबाहेरचं. त्यांनी तेव्हाच लिहून दिलं, की खर्जाची थरथर या कामाने थोडीच कमी होईल, ती वेळापत्रकानेच सोडवावी लागेल. न होणारी गोष्ट आधी लेखी देणारा माणूस या धंद्यात मला दुसरा भेटला नाही.

काम असं झालं. जुन्या सहा खिडक्या काढल्या नाहीत. त्यांच्या खडखडणाऱ्या काचा नव्याने लांबी (पुट्टी) भरून पक्क्या केल्या. त्यांच्या आत, १५० मिलिमीटर पोकळी सोडून, लॅमिनेटेड काचेच्या दुसऱ्या खिडक्या. काचेचे दोन थर आणि मधे चिकट पापुद्रा, त्यामुळे काच स्वतः घंटेसारखी वाजत नाही. पोकळीच्या चारी कडांना काळ्या कापडात गुंडाळलेली रॉकवूल, म्हणजे आवाज मुरवणारी दगडी लोकर. आतली आणि बाहेरची काच मुद्दाम वेगळ्या जाडीची, म्हणजे दोघी एकाच स्वराला कमजोर पडत नाहीत. मुख्य दाराला आतून दुसरं जड दार, मधे चार फुटांची अंधारी खोली. आता उशिरा येणारा प्रेक्षक त्या खोलीत थांबतो, बाहेरचं दार लागतं, मगच आतलं उघडतं. जुन्या एक्झॉस्ट पंख्याचं भोक हे सगळ्यात मोठं भगदाड निघालं. तिथे आतून रॉकवूल लावलेली नागमोडी पेटी बसवली, हवा जाते पण आवाज वळणावळणाला मुरतो.

आणि उदबत्ती. हे मला सगळ्यात आवडलं. काम झाल्यावर मिस्त्रींनी एक्झॉस्ट चालू ठेवला, दारं लावली, उदबत्ती पेटवली आणि प्रत्येक चौकटीच्या कडेने, अगदी सावकाश, ती फिरवत गेले. धूर सरळ वर गेला तर पुढे. कुठे तो कलला, थरथरला, आत ढकलला गेला, तिथे खडूने फुली. तिसऱ्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, एसीचा पाइप भिंतीतून जातो तिथे, आणि दोन स्विचबोर्डांच्या मागे, अशा सात फुल्या झाल्या. स्विचबोर्डामागे आरपार भोक आहे हे आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं. सातही जागा त्याच दिवशी सीलंटने भरल्या आणि पुन्हा उदबत्ती फिरवली. मिस्त्री गुडघ्यांवर बसून, डोळे बारीक करून धुराकडे बघत होते, आणि हॉलमध्ये मोगऱ्याचा वास पसरला होता.

तरी माझ्या मते या सेवेचं खरं मोल साइटवरच्या बैठकीत आहे. आम्ही अर्ज पाठवले होते, उत्तर नव्हतं. मॅडमनी अर्ज पाठवला नाही. त्या स्टेडियमच्या साइट इंजिनीअरला हॉलमध्ये घेऊन आल्या, पाचव्या रांगेत बसवलं आणि मला म्हणाल्या, वाजवा. ब्रेकर चालू होता. मी वाजवलं. मग मॅडमनी इंजिनीअरला साइटवर फोन करून पाच मिनिटं ब्रेकर थांबवायला लावलं. मी तेच पुन्हा वाजवलं. तो मुलगा तिशीतला, डोक्यावर हेल्मेट, बुटांना चिखल. दुसऱ्यांदा संपल्यावर तो काही वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सर, पहिल्या वेळेला तुम्ही खाली असं काहीतरी वाजवलं हे मला ऐकूच नव्हतं आलं." त्या खालच्या स्वरांसाठी मी व्हायोला धरला आहे.

त्यानंतर अर्ध्या तासात एका कागदावर ठरलं. रविवारी ९ ते १२ आणि कार्यक्रमाच्या संध्याकाळी ६ ते ९ खडक फोडणं आणि बकेट झटकणं बंद, त्या वेळात सळया बांधणं आणि शटरिंग. म्हणजे त्यांचं काम थांबत नाही, फक्त क्रम बदलतो. डंपरना आत वळसा घ्यायला जागा करून दिली, त्यामुळे फाटकाशी मागे घ्यावंच लागत नाही आणि रिव्हर्स हॉर्न वाजतच नाही. याला एक पैसा लागला नाही. आम्ही महिन्याच्या सुरुवातीला आमच्या तारखा त्यांना पाठवतो. आतापर्यंत एकदाच चूक झाली, तीही फोन केल्यावर दहा मिनिटांत सुधारली.

आता तक्रारी, कारण त्याही खऱ्या आहेत. काम पाच आठवडे लांबलं. त्यात आमची दोन मोठी भाडी गेली, आणि संस्थेला ते जड गेलं. दाराखाली जी आपोआप खाली पडणारी रबरी पट्टी असते ती महिन्याभरात अडकायला लागली. तीन वेळा आठवण केल्यावर बदलून मिळाली. जिप्समचे बोर्ड कापताना खुर्च्यांवर झाकणं नीट घातली नव्हती, खुर्च्यांच्या कापडातली पांढरी धूळ आम्ही अजून झाडतो आहोत. आणि सगळ्यात मोठी चूक हवेची. खोली बंदिस्त झाल्यावर पहिल्याच भरलेल्या कार्यक्रमात मध्यंतरापर्यंत कोंदट झालं, आणि बाहेरचा आवाज गेल्यामुळे एसीची घरघर उघडी पडली. हे आराखड्यातच यायला हवं होतं. मॅडमनी ते मान्य केलं, डक्ट रुंद करून पंख्याचा वेग उतरवला, ताज्या हवेची वेगळी वाट काढली. मजुरी घेतली नाही, सामानाचे पैसे आम्ही दिले. शिवाय आतल्या काचांमुळे व्हायोलिनांचा वरचा आवाज जरा टोकदार झाला होता, तो जाड पडदे अर्धे ओढून ठेवल्यावर बसला.

काम झाल्यावरची मोजणी त्यांनी न सांगता केली. ब्रेकर चालू, खिडक्या-दारं बंद, एसी बंद: ३७ डेसिबल. आधीचे ५१ आठवा. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. माणसांचं बोलणं, हॉर्न, लोखंडाचा खणखणाट जवळजवळ गेलाच. खर्जाचा पट्टा मात्र सात-आठ डेसिबलनेच उतरला, म्हणजे लिहून दिलं होतं तसंच. ब्रेकर चालू असेल तर पायाला अजून कळतं. पण गणपतीत, मागच्या गल्लीतून मिरवणूक जात असताना, आम्ही आत मुलांचा वर्ग घेतला आणि एकाही मुलाने वर पाहिलं नाही.

खर्च सांगतो, कारण विचारणार सगळेच. मोजणी आणि अहवाल साठ हजार, सगळं मिळून साडेअकरा लाख. अर्धी रक्कम देणग्यांतून आली, अर्धी संस्थेच्या ठेवीतून. फोमवाल्याचा भाव याच्या पाचवा हिस्सा होता, पण त्याने ५१ चे ५० सुद्धा झाले नसते. पाचपैकी साडेचार देतो. अर्धा गुण हवेचा आणि त्या पाच आठवड्यांचा.

काम संपलेलं नाही. स्टेडियम उभं राहील तेव्हा ब्रेकर जाईल आणि प्रेक्षक येतील, स्पीकर येतील. अमेरिकेत सिनसिनाटीला हाच प्रश्न आला होता. तिथला म्युझिक हॉल १८७८ सालचा, सिम्फनी ऑर्केस्ट्राचं घर. जवळच २६ हजार प्रेक्षकांचं फुटबॉल स्टेडियम २०२१ मध्ये सुरू झालं, आणि गर्दीचा आवाज हॉलमध्ये शिरेल का याची चर्चा स्टेडियम बांधून होण्याच्या आधीच झाली होती. आम्हीही तेच करतो आहोत. स्टेडियमचे स्पीकर कुठे टांगणार, त्यांची तोंडं कुठल्या बाजूला, हे ठरायच्या आत मॅडम एकदा त्यांच्या आर्किटेक्टला भेटणार आहेत. त्याचे वेगळे पैसे आम्ही आधीच दिले आहेत.

कोणी त्यांना बोलावणार असेल तर एक करा. मोजणीच्या दिवशी इमारतीचा मेन स्विच माहीत असलेला माणूस हजर ठेवा, आणि बाहेरचं काम त्या वेळी खरोखर चालू आहे ना, हे आदल्या दिवशी साइटवर जाऊन विचारून या. आमची पहिली तारीख त्या दिवशी ब्रेकर बिघडल्यामुळे फुकट गेली होती.